‘मेलेलं आलं’ म्हणून लिहिलेलं कासव

दिवा नको लावूस, ब्रिन. जून चाललाय. कासवांच्या माद्या वाळूवर यायच्या वेळेला किनाऱ्यावर एकही दिवा दिसू नये म्हणून आपण गावभर दारं ठोठावत फिरतो. आपल्याच ओसरीवर उजेड दिसला तर लोक तोंडात शेण घालतील. शेंगा अंधारातही खाता येतात. उकडलेल्या आहेत, सोलायलासुद्धा कष्ट नाहीत.

सकाळपासून तुम्ही दोघं विचारताय ना, की शेडमधला मोठा फ्रीजर बंद का ठेवलाय आणि मेलेलं कासव आम्ही बर्फाच्या पेटीत का ठेवतो? उद्यापासून तुम्ही कालव्यावर जाणार, तेव्हा आजच ऐकून ठेवा. मर्ल स्टॅफर्ड माझ्याबरोबर एकोणीस वर्षं होता. तुमचा विश्वास बसला नाही तर त्याची बायको नोरीन पुलापलीकडे राहते, तिला विचारा. मला, या हॉइटला, खोटं पाडायला ती बाई एका पायावर तयार असते, पण या गोष्टीतलं एक अक्षर ती बदलणार नाही.

मंगळवार, अठरा जून दोन हजार एकोणीस. रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मर्ल घरून निघाला तो साध्या कामाला. शेडमधल्या फ्रीजरमधलं मेलेलं कासव गाडीत घालायचं आणि तीन तासांवरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. दिवसा नेलं तर आपल्या उन्हात वाटेतच वितळतं, म्हणून हे काम रात्रीचं. थर्मासमध्ये कॉफी, नोरीननं बांधून दिलेलं माशाचं सँडविच आणि शेजारच्या सीटवर कासवाचा कागद. त्या कागदाकडे तो बघत नव्हता.

कागद कसला, ते आधी सांगतो.

आदल्या शुक्रवारी, संध्याकाळी पावणेसहाला, आम्ही दोघांनी कालव्याच्या लोखंडी गजांवरून ते कासव काढलं. वीजकेंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात, पाण्याबरोबर कासवं येतात, आपण ती जाळ्यात धरतो, मोजतो आणि परत सोडतो, हे तुम्हाला माहीत आहे. हे होतं त्या करड्या, लहान जातीचं. सगळ्यांत दुर्मीळ. मादी, चाळीस किलोची. गजांना चिकटून पाण्याखाली किती वेळ होती कोण जाणे. मान लोंबत होती.

आता ऐक, ब्रिन, आणि वहीत लिहून ठेव. बुडालेलं कासव मेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं असतंच असं नाही. त्याला पोटावर ठेवायचं, मागची बाजू वीतभर उचलून खाली काहीतरी द्यायचं, अंगावर ओला कपडा टाकायचा आणि चोवीस तास थांबायचं. कासव घाईनं मरत नाही, तेव्हा आपणही घाई करायची नाही. विसाव्या तासाला उठून बसलेलं कासव मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मर्लनं तिच्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं.

“हॉइट, पापणी हलली का रे?”

मी पाहिलं होतं. म्हणजे... काहीतरी पाहिलं होतं. मी म्हटलं, “ऊन असेल. चमकलं असेल.”

तेवढ्यात डार्लाचा फोन आला. डार्ला व्हॉस, केंद्राच्या कचेरीत पर्यावरणाचं बघायची. गजांवर कासव दिसलं की आधी तिला कळवावं लागायचं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. नाताळात आम्हा सगळ्यांना घरचा केक द्यायची. पण तेव्हा केंद्राचा परवाना आणखी वीस वर्षांसाठी वाढवायचा होता. सरकारच्या वन्यजीव खात्यानं आकडा घालून दिलेला, की या करड्या जातीचं केंद्रामुळे वर्षाला फार तर एक मरावं. त्या वर्षीचं एक फेब्रुवारीतच गेलं होतं. दुसरं गेलं असतं तर सगळी तपासणी पहिल्यापासून, परवाना लटकला, आणि कोण जाणे, केंद्रच बंद. आठशे घरांच्या पोटावर पाय. मर्लचा जावई त्याच केंद्रात वेल्डर होता. नोकरीला लागून सहा महिने झाले होते, आणि मर्लची लेक पोटुशी होती.

“मर्ल, मी काही सांगत नाहीये हं,” डार्ला म्हणाली. “फक्त विचारतेय. ती आलीच तशी असेल ना? बाहेरून? मेलेली?”

मर्लनं कासवाच्या पापणीला पुन्हा बोट लावलं.

“गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर दोन मेलेली वाहून आलीच होती की.”

“ताजी आहे, डार्ला.”

“तू बघतोयस. तू म्हणशील ते.” आणि तिनं फोन ठेवला.

यातली गोम कळली का? कासवाच्या मागच्या बाजूखाली फळी घातली की कागदावर वेळ लिहावी लागते. वेळ लिहिली की कबूल केलंत, की आली तेव्हा ती मेलेली नव्हती. मग चोवीस तासांनी ती मेली तर केंद्राच्या खात्यावर मेली. फळी घातलीच नाही, तर ‘मेलेलं आलं’ या चौकटीत फुली मारून मोकळं होता येतं. वाचवायला गेलो तर पकडले जाऊ. असला कागद कोणा शहाण्यानं बनवला देव जाणे.

मर्लनं फळी हातात घेतली, परत ठेवली. मग म्हणाला, “हॉइट, मागून धर.”

मी धरलं. हे सगळं मर्लवर ढकलून देणं मला सोपं आहे, पोरांनो, पण एका बाजूनं माझेच हात होते. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिला फ्रीजरमध्ये ठेवलं. मर्लनं झाकण लावलं आणि चौकटीत फुली मारली. गोठलेल्या मांसावरून मरणाची वेळ नीट सांगता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रविवारी चर्चमध्ये तो माझ्यापासून चार बाकं लांब बसला.

तर मंगळवारी रात्री अकराच्या सुमाराला तो शेडमध्ये शिरला आणि त्यानं फ्रीजर उघडला.

कासव होतं तिथंच होतं. दगड झालेलं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला जो बर्फाचा थर साचतो ना, बोटभर जाड... तो खरवडलेला होता. कमानीसारखे ओरखडे. एकाशेजारी एक. पुष्कळ. आणि कासवाचा पुढचा उजवा पर, तो वल्ह्यासारखा पाय, वर उचललेला, तसाच गोठलेला.

नोरीनला त्यानं नंतर सांगितलं, की आधी भीती नाही वाटली, शरम वाटली. झाकण लावून पळून जावं इतकी शरम. किती वेळ लागला असेल तिला मरायला? रात्रभर? शनिवारी दुपारी तो शेडच्या बाहेर उभा राहून पाइपनं होडी धूत होता. तेव्हाही?

पण काम ते काम. त्यानं तिला चादरीत गुंडाळलं, एकट्यानं उचलून गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवलं आणि निघाला.

किनाऱ्याचा रस्ता तुम्ही पाहिलाच आहे. डावीकडे झुडपं, उजवीकडे वाळूचे उंचवटे, पलीकडे समुद्र. जूनमध्ये रस्त्यावरचे दिवे बंद. पौर्णिमा होऊन एकच दिवस झालेला, पण आभाळ भरलेलं. काही दिसत नव्हतं. दोन मैल गेला असेल, आणि मागून आवाज आला.

हाऽऽ...

कासव पाण्याबाहेर डोकं काढून श्वास घेतं, तसा. दमलेल्या म्हाताऱ्यासारखा. मर्लनं हा आवाज आयुष्यात हजारदा ऐकलेला. त्यानं काच वर केली. वाऱ्यानं चादर फडफडत असेल, म्हणून मनाची समजूत घातली.

अर्धा मैल काही नाही.

हाऽऽ...

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. दिवे घालवले. इतक्या वर्षांची सवय, समुद्राकडे उजेड जाऊ द्यायचा नाही.

समुद्राचा आवाज. बाकी काही नाही.

मग पुन्हा. जवळून.

मर्ल उतरला. मागं गेला. चादरीला हात लावला. गार. कडक. मेलेली होती, पोरांनो. लाकडाइतकी मेलेली. तिला तसंच घेऊन तो प्रयोगशाळेत गेला असता, कागद दिला असता, तर कोणी काही विचारलं नसतं. जावयाची नोकरी सुरक्षित. माझीही. तो उभा राहिला... आणि त्याला रडू फुटलं. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, भर रस्त्यात.

त्यानं तिला उचललं. उंचवट्यापलीकडे नेलं. वाळूवर, पोटावर ठेवलं. मागच्या बाजूखाली स्वतःचे बूट घातले. वीतभर. शर्ट काढून समुद्रात भिजवला आणि तिच्या पाठीवर पसरला.

घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बावन्न.

आणि तिच्याकडे पाठ करून वाळूत बसला. चार दिवस उशिरा. गोठलेल्या कासवाला श्वास यावा म्हणून. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

बारा. साडेबारा. फोन दोनदा वाजला, त्यानं घेतला नाही.

एकच्या पुढं कधीतरी... मागं वाळू हलली.

थप्.

थांबली.

थप्... थप्...

ब्रिन, तू अजून अंडी घालणारी मादी पाहिली नाहीस. मागच्या परांनी ती खड्डा करते. एकानं वाळू काढते, दुसऱ्यानं फेकते. तो आवाज एकदा ऐकला की आयुष्यभर विसरत नाही. मर्लच्या पाठीवर वाळूचे कण आले. ओले. खोलातले.

खिशात टॉर्च होती. त्यानं लावली नाही. मादी खणत असताना उजेड करायचा नाही, हे आपण पोराटोरांना सांगतो. शिवाय... त्याची मान वळेना.

थप्.

हाऽऽ...

थप्.

“माफ कर,” मर्ल म्हणाला.

खणणं थांबलं.

किती तरी वेळ काहीच नाही. नुसता श्वास. मग तोही...

पहाटे पाचला त्यानं मला फोन केला. “ये,” एवढंच म्हणाला. मी पोचलो तेव्हा तो तसाच बसलेला, उघडा, पाठीला वाळू चिकटलेली. कासव होतं तिथंच होतं. बूट खाली, शर्ट वर. मेलेलंच. बर्फ सुटायला लागला होता. मर्लनं माझ्या हातात कागद दिला. जुनी फुली खोडून खाली लिहिलं होतं, ‘जिवंत आलं. सहा वाजून दहाला मी फ्रीजरमध्ये घातलं. मर्ल स्टॅफर्ड.’

“मूर्खा,” मी म्हणालो, “जावयाचा विचार केलास का? लेकीचा? माझा?”

“केला. शुक्रवारी तेवढाच केला होता.”

“मग माझं नाव का नाही लिहिलंस? मीही धरलं होतं.”

“तुझं तू लिही,” तो म्हणाला.

मी नाही लिहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मर्लची नोकरी गेली, दंड झाला. डार्लानं कानावर हात ठेवले आणि वर्षभरानं दुसऱ्या गावी गेली. तपासणी पहिल्यापासून झाली. आठ महिने लागले, कालव्याच्या तोंडाशी नवं जाळं बसलं, आणि शेवटी परवाना मिळाला. एकाही माणसाची नोकरी गेली नाही. एक मर्ल सोडून. जे वाचवायला आम्ही तिला गोठवलं, ते बुडणारच नव्हतं. नातवाचं तोंड पाहून मर्ल दोन वर्षांनी झोपेत गेला. त्याला शांत झोप लागत असेल. मला लागत नाही.

आता एक गोष्ट राहिली. ती नोरीनलाही माहीत नाही आणि कुठल्या कागदावरही नाही.

त्या पहाटे मर्लला मी गाडीत बसवलं आणि कासव उचलायला परत गेलो. उजाडलं होतं. तिच्या मागच्या बाजूला, हातभर अंतरावर, वाळूचा उंचवटा होता. मादी अंडी झाकून जाते तसा, गोल, दाबलेला. आजूबाजूला मर्लची पावलं होती, माझी होती. पण समुद्राकडून आलेला कासवाचा माग नव्हता. समुद्राकडे गेलेलाही नव्हता.

मी गुडघ्यावर बसलो. हातानं उकरू लागलो.

वरची वाळू कोमट होती. रात्रीचीच ऊब. वीतभर खाली तशीच. मग कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना अंडं लागलं. मग दुसरं. मग पुष्कळ. कासवाचं अंडं मऊ असतं, पोरांनो, दाबलं तर खड्डा पडतो.

ही कडक होती. एकमेकांना चिकटलेली.

एक मी वर काढलं. जूनचा महिना, फ्लोरिडाची वाळू... आणि अंड्यावर बोटभर बर्फ होता.