चिखलातला दुसरा माग

ही घडलेली गोष्ट आहे. आमच्या घरात ती मोठ्याने सांगत नाहीत.

साल अठराशे अठ्ठ्याण्णव. श्रावणातला सोमवार. गाव कल्याण.

गोपीनाथ, माझ्या आजोबांचा थोरला भाऊ, शाळेत मास्तर होता. गावात सायकल एकच, ती त्याची. चार साहेब हिवाळ्यात कल्याणहून नाशिकला सायकलने गेले होते. गोपीनाथने ठरवलं, आपण भर पावसात जायचं.

महिनाभर तयारी चालली होती. मांजरपाटाच्या जाड कापडाचा कोट, पाणी आत शिरू नये म्हणून, जवसाच्या तेलात भिजवून वाळवला. गारठा लागू नये म्हणून छातीशी कागदाच्या घड्या, पायांना मोहरीचं तेल. रोज पहाटे डोंबिवलीवरून कोपरपर्यंत जाऊन यायचं.

"न्युमोनिया झाला म्हणजे?" बायको सुमती रोज म्हणायची.

तो रोज हसायचा.

त्या दिवशी तो कोपरहून परत फिरला. पाऊस आडवा मारत होता. बोटं बधिर झालेली.

बांधावर राघो उभा होता. कोपरचा आगरी, रोजचा ओळखीचा. तो गोपीनाथकडे बघतच राहिला.

"मास्तर... तुमी तं मगाशीच घराकडं गेलाव ना?"

"मी? आत्ता येतोय की."

"हाक मारली. वलून बी नाय पायलं."

गोपीनाथला हसू आलं. मग त्याची नजर खाली गेली.

जातानाचा त्याचा माग पावसाने केव्हाच पुसला होता. पण समोर चिखलात चाकाची एक रेघ होती... ताजी. पाणी आत्ता कुठे तिच्यात झिरपत होतं.

रेघेत दर पाच हातांवर एक तिरका काप उमटत होता. पुन्हा. पुन्हा.

त्याच्या पुढच्या चाकाच्या रबराला तशीच चीर होती.

तो जीव खाऊन पायडल मारू लागला. डोंबिवली मागे पडली. रस्ता दूरवर मोकळा दिसत होता.

पुढे कोणीच नव्हतं.

रेघ मात्र ताजीच.

ती कल्याणात शिरली. त्याच्या आळीत वळली. त्याच्या अंगणात आली... आणि संपली.

अंगणात दुसरी सायकल नव्हती.

त्याने कडी वाजवली. सुमतीने दार उघडलं आणि तिच्या हातातली पळी खाली पडली.

"इकडून... इकडून मघाशीच येणं झालं ना?"

"कुठे आहे तो?"

"आतल्या खोलीत. मी चहा विचारला. बोलणंच नाही."

दोघं आत गेली.

खोली रिकामी. खाटेवरची गोधडी निथळत होती. दारापासून खाटेपर्यंत ओली पावलं...

परत येणारं एकही नाही.

खिडकीला गज. मागचं दार आतून बंद.

गोपीनाथ नाशिकला गेला नाही. पुढे चाळीस वर्षं जगला, चार मुलं झाली. पण लोक म्हणत, मास्तर फार अबोल झाले.

म्हातारपणी सुमती एकदाच माझ्या आत्याजवळ बोलली.

"त्या दिवशी मी दार दोनदा उघडलं गं. संसार त्यातल्या कोणाशी केला, ते मला अजून ठाऊक नाही."

मी त्यांच्याच घराण्यातला, राहतो त्याच घरात. हे लिहिताना आतल्या खोलीकडे बघवत नाही.