न सांडलेली कॉफी

"माझे बाबा मरायला बसलेत," त्युरा लिंडविक म्हणाली. "आणि तेही माझ्या गाडीमुळे."

सिग्ने नोरेनने समोरची खुर्ची पायानेच पुढे ढकलली. सिग्नेला मऊ बोलता येत नाही, हे आमच्या यम्टलंड प्रांतात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लोक तिच्याकडे येतात, कारण खासगी तपास करणारं इथे दुसरं कुणी नाही.

"बसा. पहिल्यापासून सांगा."

त्युराचे वडील हाल्वार. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. एक दिवसाआड डायलिसिससाठी शहरात जायचं, आणि रस्ता सगळा तळ्याच्या कडेने, वळणावळणाचा. हाल्वारना गाडी लागायची. जाताना उलट्या, येताना उलट्या. शेवटी ते म्हणू लागले, आता पुरे, मला घरीच राहू द्या.

"म्हणून मी ही व्हॅन केली," त्युरा म्हणाली. ती इंजिनिअर होती. "साधं सस्पेन्शन खड्डा आला की हादरतं, वळण आलं की बाहेर झुकतं. माझ्या व्हॅनमध्ये प्रत्येक चाकावर मोटर आहे. वळण आलं की गाडी स्वतःच आतल्या बाजूला कलते. बाबा आयुष्यात पहिल्यांदा गाडीत झोपले. मी रडले त्या दिवशी."

"मग बिघडलं कुठे?"

"मंगळवारी रुग्णवाहतूक खात्याच्या लोविसा ब्रान्ट चाचणीला आल्या. त्या आणि बाबा मागे, ड्रायव्हर सिक्स्टेन चालवायला. तळ्याकाठच्या कॅफेपर्यंत सगळं ठीक. परत येताना दोघांना उलट्या. बाबांकडे तर बघवत नव्हतं. बुधवारी ते डायलिसिसला गेले नाहीत. आज गुरुवार. आता आणखी टाळलं तर पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टर म्हणाले."

"तुम्ही व्हॅनमध्ये नव्हता?"

"मी समोर असले की बाबा बरं असल्याचं नाटक करतात. म्हणून ब्रान्टबाईंनी मला नेलं नाही. नंतर मी सगळं तपासलं. कुठेच बिघाड नाही. मी लावलं होतं तसंच आहे सगळं."

रुने वालिन कोपऱ्यात दालचिनीचा बन खात होता. तो सिग्नेचा सोबती, निवृत्त पोस्टमन. "पण गाडी लागते म्हणजे नेमकं काय होतं?" त्याने विचारलं.

"डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच. तोल कानाच्या आत कळतो ना. दोघांचं जुळलं नाही की पोट बिघडतं. चालवणाऱ्याला लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधीच माहीत असतं."

"आणि गाडी किती कलावी हे कशावर ठरतं?" सिग्नेने विचारलं.

"एका स्क्रूवर. पेशंटच्या खुर्चीशेजारी झाकण आहे, त्याच्या खाली. पण तो फिरवायला व्हॅनच्या आत जावं लागतं."

आधी तिघं हाल्वारकडे गेले. म्हातारा खिडकीशी बसला होता. पाय सुजलेले, चेहरा मेणासारखा. चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती तो किल्ल्यांच्या जुडग्यातल्या बारक्या पेचकसाने आवळत होता.

"तुम्ही कॅफेत गेला नाहीत?" सिग्नेने विचारलं.

"उतरवायचं, चढवायचं, कोण करणार एवढं? मी व्हॅनमध्येच बसलो."

"कुणी आलं होतं व्हॅनपाशी?"

"एक कावळा. बॉनेटवर बसून वायपर ओढत होता. बाकी कुणी नाही." हाल्वारने चष्मा चढवला. "आता जा. माझी फार चौकशी नको. आणि त्या गाडीत मी परत बसणार नाही, हे पोरीला सांगा."

त्युरा दारात उभी होती. ती दाराची कडी धरून राहिली.

लोविसा ब्रान्ट ऑफिसमध्ये फिकट रंगाचा कोट पुसत बसल्या होत्या. "जाताना थर्मासमधली कॉफी घेतली, पहिल्याच वळणाला अंगावर. मी म्हटलंसुद्धा, एवढा गाजावाजा आणि गाडीला एक कप सांभाळता येत नाही."

"हाल्वारसमोर म्हणालात?"

"मग काय कानात सांगू? परत येताना कॅफेतून भरून घेतलेला बिनझाकणाचा कप होल्डरमध्ये ठेवला. तो तसाच राहिला. पोटात ढवळत होतं, कॉफी कोण पिणार?"

"कॅफेत तुम्ही कुठे होता?"

"सिक्स्टेनच्या समोर. त्या माणसाने मोटारींवर बोलून डोकं खाल्लं माझं. एकदा उठला असता तर उपकार झाले असते."

बाहेर पडताच रुने म्हणाला, "हिला पेशंट नेणाऱ्या जुन्या टॅक्सीवाल्यांनाच काम द्यायचं असेल. हिनेच केलं."

"आणि स्वतःलाही उलट्या करून घेतल्या? चल."

सिक्स्टेन गॅरेजमध्ये व्हॅन धूत होता. "या खेळण्यावर माझा विश्वास नव्हता, हे मी तोंडावर सांगतो," तो म्हणाला. "पण मी हात लावला नाही. म्हाताऱ्याचा डोळा लागला होता, म्हणून मी व्हॅनला कुलूप लावलं. चावी माझ्याच खिशात होती."

"दोन्ही वेळा वेग?"

"तोच. रस्ता तोच. मला तर काहीच झालं नाही."

"पोचल्यावर?"

"ब्रान्टबाई तोंड धरून पळाल्या, मी पाणी घेऊन त्यांच्यामागे. हाल्वारना नंतर उतरवलं. मग साफसफाई. बाईंचा कपसुद्धा मीच ओतला, काठोकाठ भरलेला."

सिग्नेने फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. "व्हॅन काढा. हाल्वारकडे जायचंय."

हाल्वारच्या खोलीत आता श्वासाचा आवाज ऐकू येत होता. त्युरा त्याच्या पायाशी जमिनीवर बसली होती. सिग्ने उभीच राहिली.

"गाडी कुणी बिघडवली, हे सगळे विचारत होते. गाडी कुणीच बिघडवली नाही. ती आणखी चांगली करायला कुणीतरी गेलं, आणि ते अंगाशी आलं."

"काहीतरीच," सिक्स्टेन म्हणाला.

"जाताना कॉफी सांडली आणि कुणाला काही झालं नाही. येताना कप काठोकाठ भरलेला, तोच रस्ता, तोच वेग, आणि कॉफी जागची हलली नाही. का? गाडी जास्त कलत होती. इतकी, की अंगाला वळण कळतच नव्हतं. पण खिडकीतून तळं गरगर फिरताना दिसत होतं. डोळे म्हणत होते वळतोय, कान म्हणत होते सरळ चाललोय."

"पूर्ण कल," त्युरा म्हणाली. "मी मुद्दाम थोडं वळण शिल्लक ठेवलं होतं. अंगाला कळावं म्हणून. सगळी मेहनत तीच होती."

"म्हणजे कॅफेपाशी कुणीतरी स्क्रू फिरवला. ब्रान्टबाई आणि सिक्स्टेन समोरासमोर बसलेले, व्हॅनला कुलूप. आत एकच माणूस."

"ते झोपले होते," रुने म्हणाला.

"झोपलेल्याला वायपर ओढणारा कावळा दिसत नाही. त्यांच्याजवळ पेचकस आहे. आणि घरी पोचल्यावर सगळे धावले, तेव्हा ते पुन्हा एकटे होते. स्क्रू होता तिथे परत आणायला तेवढा वेळ पुरला."

"पण सगळ्यात जास्त त्रास यांनाच झाला."

"म्हणूनच कुणी यांच्याकडे पाहिलं नाही. तूही नाही."

हाल्वार खिडकीबाहेर बघत होता.

"ती बाई माझ्या पोरीच्या गाडीला हसली," तो म्हणाला. "जन्मभर गॅरेज चालवलं मी. वाटलं, एवढं तर मला जमेल. एक थेंब सांडू देणार नाही. तिची सगळी मेहनत मी पाण्यात घातली. आता त्याच गाडीत कुठल्या तोंडाने बसू? मी गेलो की तीही मोकळी होईल."

त्युरा उठली.

"मोकळी? नाव गेलं तर दुसरं कमवीन, बाबा. गाडी गेली तर दुसरी करीन. बाप कुठून आणू? सांगा ना. कुठून आणू?"

हाल्वारने पेचकस जुडग्यातून सोडवला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

सिग्नेने दोन फोन केले. इस्पितळाने सांगितलं, आत्ता आणा, उशीर करू नका. ब्रान्टबाई सगळं ऐकून म्हणाल्या, पुन्हा बसून बघेन, पण उपाशीपोटी.

सिक्स्टेन आणि रुनेने म्हाताऱ्याला उचलून व्हॅनमध्ये बसवलं. त्याला आता मान सावरणंही जड जात होतं. त्युरा शेजारी बसली. तिने झाकण उघडून स्क्रू पाहिला आणि बंद केलं. मग थर्मासमधून कप भरून वडिलांच्या हातात दिला आणि खालून स्वतःचा हात लावला.

तळ्याकाठचं पहिलं वळण आलं. कॉफी कपाच्या काठावरून घोंगडीवर सांडली. सगळे हाल्वारच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो थांबून पोटाचा अंदाज घेत होता.

"सांडली," तो म्हणाला.

"सांडू दे."

दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. हाल्वारचे डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलली. त्युराने कप खाली टाकला, त्याच्या तोंडाजवळ कान नेला आणि श्वास रोखला.

म्हातारा घोरत होता.