पाऊस नसताना वाहणारा ओढा

मी जमिनीपासून साठ फुटांवर दोराला लटकून फांदीवरची शेवाळाची जाळी सोडवत होते, तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "अहो झाडावरच्या बाई! तुमचा पर्जन्यमापक खोटं बोलतोय!"

तोल सांभाळावा की हसू, तेच कळेना. उतरले खाली. पाणीपुरवठा खात्याचा माणूस उभा होता – पॅंट गुडघ्यापर्यंत भिजलेली, काखेत वही. डोळे मात्र भांडायला आलेल्या माणसाचे नव्हते. झोप उडालेल्या माणसाचे होते.

"तुमचं संशोधन केंद्र कळवतंय, बावीस दिवस पाऊस शून्य. आणि माझा ओढा बोटभरही उतरलेला नाही. मग पाणी येतं कुठून?"

"धुक्यातून."

"चेष्टा करू नका, मॅडम." तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "आठ वर्षं रोज ओढ्यापर्यंत चालत येऊन पट्टीवरची पातळी वाचतोय मी. साहेबांना वाटतं, घरी बसून आकडे ठोकून देतो. लेखी खुलासा मागितलाय… पंधरा दिवसांत."

मग मात्र मी हसले नाही. त्याला माझ्या खोलीत नेलं. दोन टेबलं, एक तराजू, पानं वाळवायची भट्टी – एवढाच माझा संसार. जाळीतलं वाळकं शेवाळ तराजूवर ठेवलं. चाळीस ग्रॅम. तीच जाळी रात्रभर धुक्यात टांगली, आणि सकाळी तो आल्यावर त्याच्यादेखत वजन केलं. दोनशे दहा!

"एवढुशा जाळीत?" तो पुटपुटला. "आणि इथे तर फांदी न् फांदी शेवाळानं मढलीय…"

"शेवाळ भरलं की वरचं पाणी ठिबकतं. उघड्यावरच्या पर्जन्यमापकात त्यातलं काहीच पडत नाही. झाडांखाली मोजायला हवं."

आम्ही झाडांखाली पत्र्याच्या पन्हळी लावल्या. रोज सकाळी तो बादलीतलं पाणी मोजायचा, मी वहीत लिहायचे. चौथ्या दिवशी म्हणाला, "मला वर यायचंय. ज्यांच्या जिवावर माझी नोकरी टिकायची, त्यांना बघायचंय."

त्याच्या कमरेचा पट्टा मी तीनदा तपासला.

"आणखी एकदा बघा ना."

"घट्ट आहे हो!"

"पट्ट्यासाठी नाही म्हणत."

मी दोर जरा जास्तच जोरात ओढला.

वर पोचलो आणि दरीतून धुकं चढत आलं… आधी पायाखालची जमीन गेली, मग शेजारचं झाड, मग त्याच्या खांद्यापलीकडचं सगळंच. पापण्यांवर बारीक थेंब बसले. कोरड्यात आकसून बसलेले नेचे हळूहळू पानं उलगडू लागले.

"यांची मुळं जमिनीपर्यंत जातच नाहीत?" तो कुजबुजला.

"नाहीत. झाडाकडूनही पाणी मागत नाहीत. बसायला फांदी मिळाली, बास. काही जणं पानांतूनच धुकं पितात. काही पानांच्या बेचक्यात साठवतात. आणि हे ऑर्किड बघा – दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. उघडतं ते रात्री."

ऑर्किडची मुळं हवेत लोंबत होती, पांढरट, खडबडीत. त्यानं ओलं बोट एका मुळावरून फिरवलं. पांढरा थर पाणी शोषत गेला आणि बघता बघता मूळ हिरवंगार झालं.

"अरे! लाजलं वाटतं."

"लाजल्यावर लाल होतात."

"हो, ते दिसतंय मला," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

पुढचे आठ दिवस मी सकाळी त्याची पावलं ऐकून मग चहा टाकायचे. आणि रोज ठरवायचे – आज सांगायचं. रोज राहून जायचं.

शेवटी खोक्यांनीच सांगितलं. खोलीच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेली, वर दूरच्या विद्यापीठाचा पत्ता. तो वाचत उभा राहिला.

"कधी निघायचंय?"

"सोमवारी. दोन वर्षांसाठी."

"कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही आलात… त्याच्याही आधीपासून."

त्यानं त्या दिवसाचा आकडा वहीत लिहिला. वही मिटली. "माझ्यावर आळ आहे खोटा आकडा सांगितल्याचा. तुम्ही तर सांगितलाच नाहीत." आणि निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पत्ता विचारत त्याच्या घरी गेले – शिंप्याच्या दुकानावरची खोली. दार त्याच्या मावशीनं उघडलं. मला खालून वर न्याहाळलं.

"तूच का ती झाडावरची? ये, ये. दोन दिवस जेवताना मान वर नाही केली यानं."

तो आत शर्टाला इस्त्री करत होता. मला पाहून इस्त्री उभी ठेवली.

"खुलासा मान्य झाला," तो म्हणाला. "साहेब स्वतः आले होते ओढ्याजवळ. झाडाखाली उभे राहिले, चष्मा दोनदा पुसला, आणि म्हणाले, सही कुठे करू?"

"मला कळवलं नाहीत…"

"तुम्हाला तरी कुठे कळवावंसं वाटलं?"

काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. एक शब्द आठवेल तर शपथ!

"मी भ्याले," मी म्हणाले. "सांगितलं तर तुम्ही यायचे थांबाल, असं वाटलं. मला जायचंय. हे काम मी पाच वर्षं मागत होते. आणि मला तू आवडतोस. दोन्ही खरं आहे, एकही खोडता येत नाहीये."

'तू' कधी निसटलं, मलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"जायलाच हवं," तो म्हणाला. "राहा म्हटलं आणि तू राहिलीस, तर मलाच आवडणार नाही ते. पण दोन वर्षं म्हणजे…"

"माहितीये. थांब म्हणायचा हक्क नाही मला."

"मग मी म्हणतो. मी थांबतो. आणि नुसता थांबत नाही – आठ वर्षांची रजा साठलीय माझी. येतो तिकडे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "परत आलीस की लग्न…"

"हो."

"अगं, पूर्ण विचारू तरी दे!"

"विचार."

त्यानं विचारलं. अगदी नीट, पूर्ण वाक्यात. मी पुन्हा 'हो' म्हणाले, तेव्हा स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला – "झालं असेल तर जेवायला बसा आता दोघं! केव्हाची दाराआड ताटकळतेय मी."