आत्याची खुर्ची

ठिणगी पाणी पिऊन जिन्यापाशी परतली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. बसला कसला, चक्क झोपला होता!

"ओ! उठा! ही बसायची खुर्ची नाही!"

तो दचकून उठला. डोळे चोळत खुर्चीकडे पाहत म्हणाला, "मग... कशाची आहे?"

तिला हसू येत होतं, पण तिनं ते गिळलं. रागवायला कारणं काय कमी होती! 'नवउद्योजकांचा मेळावा — थेट गुंतवणूकदारांना भेटा' अशी जाहिरात वाचून ती आली होती. काका सोफे-दुरुस्तीचं दुकान बंद करायला निघाले होते. ते तिला चालवायचं होतं. म्हाताऱ्या माणसांना हात टेकून सहज उठता येईल अशा खुर्च्या करायच्या होत्या. नमुना म्हणून तिनं आत्यासाठी केलेली खुर्ची तीन मजले चढवून आणली होती. आणि इथं? गुंतवणूकदार औषधालाही नाही. हॉलभर नुसते विमा विकणारे, एकमेकांनाच विमा विकत होते. खुर्ची तर दारातच अडवली — "मॅडम, सामान बाहेर."

"माझी लाँड्री आहे," तो म्हणाला. "मोठं मशीन घ्यायचंय, कुणी मदत करेल म्हणून आलो. आत टाळ्या वाजवून वाजवून हात भरून आले. इथं जरा टेकलो... आणि डोळाच लागला. एवढी सुखाची खुर्ची केली कुणी?"

"मी."

"मग चिडता कशाला? यापेक्षा मोठी दाद कुठली?"

ती काही बोलणार, तेवढ्यात संयोजक धावत आला. वक्त्यांची कंबर धरली होती; खुर्ची स्टेजवर हवी होती. ठिणगीचा जीव सुपाएवढा झाला.

वक्ते बसले. चांगले ऐसपैस बसून बोलले. मग एकदम उठले, ओरडले, "हा बघा तुमचा शत्रू — आराम!" आणि खुर्चीला सणसणीत लाथ घातली. काडकन आवाज झाला. एक पाय मोडला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट!

टाळ्या थांबायच्या आत ती स्टेजवर होती. मागून पावलं वाजली. लाँड्रीवाला.

"माझं भांडण मला भांडता येतं," ती फणकारली.

"येतंच की. मी नुसता खुर्ची उचलायला आलोय."

ती वक्त्यांकडे वळली. "ही माझ्या आत्याची खुर्ची आहे. तिचे गुडघे गेलेत. आज ती दर वेळी काकूला हाक मारून उठतेय, कारण ही मी इथं आणली. तिला सांगाल, आराम तुझा शत्रू आहे म्हणून? माफी मागा!"

वक्ते संयोजकाकडे बघू लागले. माफी नाहीच मिळाली. कुणीतरी मोठ्यानं संगीत लावलं, झालं.

दोघं खुर्ची धरून जिना उतरू लागले.

"सावकाश! मोडका पाय तुमच्या बाजूला आहे," ती म्हणाली.

"माझा शाबूत आहे ना? मग ठीक."

"हसवू नका. मला..." तिचे डोळे भरून आले.

त्यानं खुर्ची पायरीवर टेकवली आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला... तिचे डोळे पुसून होईपर्यंत.

"रडत नाहीये मी. राग आहे हा."

"दिसतोय की," तो तसाच पाठमोरा म्हणाला.

खाली टेम्पो मिळाला. खुर्ची मागे चढली, ती पुढे बसली. तो मात्र दाराला धरून उभाच.

"काय?"

"तुम्ही स्टेजवर चढलात ना... तेव्हाच मला..."

"तेव्हाच काय?"

त्यानं टेम्पोवाल्याकडे पाहिलं. "यांच्यासमोर सांगू?"

"सांगा. त्यांचं लक्ष नाही."

"आहे," टेम्पोवाला म्हणाला. "उरका."

लाँड्रीवाल्याचे कान लाल झाले. "...आवडलात तुम्ही. फार."

"माझा राग लवकर जात नाही. घरचे कंटाळतात."

"बघू ना. आधी तो पाय बसवू. धरायला कुणीतरी लागेलच की..."

तिचा राग अजून धुमसत होता. त्या वक्त्याला ती जन्मात विसरणार नव्हती. तरीही ती हळूच आत सरकली — एका माणसापुरती.

"चढा. पण आत्या विचारेल, हा कोण? ते तुम्हीच सांगायचं. आणि असं पुटपुटायचं नाही हं... तिला कमी ऐकू येतं."