काष्ठमिरी

स्वभावगंध केंद्राच्या रांगेत वैशाली मेस्त्री त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उभी होती, आणि तिसऱ्यांदा लोक आपलं भांडण घेऊन तिच्यापाशी आले. एकजण पिशवी ठेवून चहाला गेला होता. तो परत येईपर्यंत दुसरा पुढे सरकला होता. दोघांपैकी एकालाही तिचं नावगाव ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त तिचा वास आला होता. मला कशाला विचारता, मीही तुमच्यासारखीच ताटकळलेय, असं तिनं सांगून पाहिलं. तरी दोघं हात बांधून थांबलेच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "पिशवीला नंबर नसतो." चहाला गेलेला मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिला. त्यानं थोडी तरी हुज्जत घालायला हवी होती, असं तिला वाटलं आणि तिचा वैताग आणखी वाढला.

त्या काळी प्रत्येक सज्ञान माणसाच्या कानामागे करडईच्या दाण्याएवढी एक गंधपाकळी बसवलेली असे. तिच्यातून दिवसभर त्या माणसाच्या स्वभावाला साजेसा वास झिरपत राही. वास नाकातून थेट मेंदूच्या अशा भागात जातो, जिथे भीती, माया आणि विश्वास ठरतात. विचार नंतर जागा होतो. म्हणून समोरचा माणूस कसा आहे हे बोलण्याआधीच कळावं, फसवणूक आणि भांडणं कमी व्हावीत, यासाठी ही योजना आली होती, आणि भांडणं खरोखरच कमी झाली होती. माणसाचा स्वभाव त्याच्या घामातल्या रसायनांवरून वाचत. त्या खुणेला अंगछाप म्हणत. अंगछापेवरून एकूण एकवीस वर्ग पाडले होते.

वैशालीचा वर्ग काष्ठमिरी. शिसव आणि देवदाराच्या लाकडाचा कोरडा वास, त्यावर मिरी, लवंग आणि जायफळाचा तिखटपणा. बाईला आणि पुरुषाला सारखाच शोभणारा. केंद्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 'मोजकं बोलणारी, ठाम, मायेनं किंवा रागानं न वाहवणारी व्यक्ती.' तालुक्यात असे लोक फार थोडे. त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी पाकळी बसली आणि वर्षभरातच तिला बालसंगोपनाच्या अर्जांवर निवाडेकर नेमलं. लहान मूल कोणाकडे सोपवायचं आणि कोणाकडे नाही, हे ती ठरवी.

आता तिच्याच घरात तो प्रश्न आला होता. तिची मुलगी ऋजुता आठ महिन्यांसाठी समुद्रावरच्या वीजकेंद्रात कामाला जाणार होती. सात महिन्यांची ईरा आजीकडे राहणार, हे घरात न बोलताच ठरलं होतं. पण तीन वर्षांखालचं मूल फक्त मऊ गंधांच्या चार वर्गांकडेच ठेवता येई. काष्ठमिरी त्यात नव्हती. सोमवारपर्यंत वर्ग बदलला नाही, तर ईरा सरकारी शिशुघरात जाणार होती.

खिडकीतले खानोलकर पहिल्या दिवशी म्हणाले, नमुना सात लागेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नमुना सात बंद झाला. आज ते तिला पाहताच उठून उभे राहिले, आणि हेही तिला टोचलं. "मावशी, तुम्ही थेट डॉक्टरांनाच भेटा. मला तुम्हाला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायचा मला अधिकार नाही."

डॉक्टर तन्वी राऊळ चाळिशीच्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, अंगछाप चुकली असं तुम्हाला का वाटतं? त्या यंत्राची चूक लाखात एखादी.

वैशालीनं खाली पाहिलं. मग चौदा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. केंद्रानं तेव्हा सुती कापडाची पट्टी घरी दिली होती. ती तीन रात्री गळ्याशी बांधून झोपायचं आणि डबीत घालून परत पाठवायची. ती तीन रात्री झोपली. पण चौथ्या दिवशी पट्टी पाहून तिला कसंसंच झालं. मेस्त्रींच्या घरात अंगावरचं मळकं कापड परक्याच्या हाती देत नसत. उसनं आणलेलं लुगडंसुद्धा धुऊन, घडी घालून, वर कुंकवाचं बोट लावून परत करायचं, असं सासूनं शिकवलेलं.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग धुतली. चांगली रिठ्यानं. वाळवून पेटाऱ्यात ठेवली, दोन दिवसांनी पाठवली."

"पेटारा कसला?"

"देवदाराचा. आमच्या ह्यांनी केलेला. कसर लागू नये म्हणून आत मिरी-लवंगांची पुरचुंडी."

डॉक्टर हसू लागल्या. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, म्हणजे चौदा वर्षं तुम्ही पेटाऱ्याचा स्वभाव लावून फिरताय. वैशालीला हसू आलं नाही. आता तरी खरं काय ते बघा आणि मला मोकळी करा, असं तिनं सांगितलं.

आता पट्टी घरी न्यावी लागत नसे. मानेवरून एक बोळा फिरवला, यंत्रात घातला, आणि दोघी पडद्याकडे पाहत बसल्या. उत्तर आलं: काष्ठमिरी, सत्त्याण्णव टक्के.

"पुन्हा करा," वैशाली म्हणाली.

पुन्हा केलं. तेच आलं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. त्या सावकाश, जपून बोलू लागल्या. "मावशी, वास दोन्हीकडे काम करतो. लोकांच्या नाकात गेला तसा तो चौदा वर्षं तुमच्याही नाकात गेला. लोक तुमच्यापुढे गप्प बसले, म्हणून तुम्ही कमी बोलायला लागलात. त्यांनी निवाडा मागितला, तुम्ही दिलात. शरीर त्याप्रमाणे बदलत गेलं. घामही बदलला."

"मग आधी मी कशी होते?"

"ते त्या पट्टीवर होतं."

वैशालीनं आठवून पाहिलं. ऋजुता लहान असताना आपण तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचो, हे तिला पक्कं आठवत होतं. पण ते एखाद्या साक्षीदारानं सांगितल्यासारखं आठवत होतं. खरं आहे हे कळत होतं, आतून काही हलत नव्हतं.

डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी ऋजुताच्या संगोपन-अर्जाला जोडायचा एक वेगळा कागद काढला. खास सवलतीची वाट होती. वर्ग न जुळता मूल सोपवायचं, तर एका निवाडेकराची सही लागते. जिल्ह्यात दोनच निवाडेकर. दुसरे रजेवर, सोमवारनंतर येणार. स्वतःचा अर्ज स्वतः तपासायला बाकी सगळ्यांना बंदी होती, काष्ठमिरीला नव्हती. नियम करणाऱ्यांनी मानलं होतं की हे लोक स्वतःलाही सूट देत नाहीत.

"मी बाहेर जाते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सही करा आणि नातीला घरी न्या."

वैशालीनं दोन्ही कागद पुढे ओढले. वय बासष्ट. घरात दुसरं माणूस नाही. मऊ गंध नाही. अर्जात कारणाच्या रकान्यात ऋजुतानं लिहिलं होतं, 'आजी आहे. जीव आहे तिचा बाळावर.' असली कारणं वैशालीनं शेकड्यांनी वाचली होती आणि पेनानं सरळ रेघ मारून खोडली होती. हे खोडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. सही करायला पेन टेकवलं. हात हलेना. तिला घाम फुटला आणि त्या घामाचाही तोच कोरडा, तिखट वास आला. हो म्हणण्यासाठी टिकेल असं एक तरी कारण ती शोधत राहिली. दुसऱ्या कोणाच्या अर्जात मान्य केलं असतं असं एकही सापडेना. ती स्वतःवर इतकी चिडली की पेनाचं टोक कागदात रुतलं. आणि मग तिच्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात तिनं लिहिलं, 'नामंजूर.'

डॉक्टर परत आल्या आणि कागद पाहून जागीच थांबल्या. "मावशी, कोणी विचारणार नव्हतं."

"म्हणूनच," वैशाली म्हणाली. हे उत्तर तिला इतकं बरोबर वाटलं की स्वतःचीच तिला भीती वाटली.

बाहेर बाकावर ऋजुता ईराला घेऊन बसली होती. आजीला पाहताच ईरानं दोन्ही हात पुढे केले. वैशालीनं तिला घेतलं. पोरीनं नेहमीसारखं तोंड तिच्या मानेत, पाकळीपाशी खुपसलं, एक लांब श्वास घेतला आणि अंग सैल सोडलं. तिला या वासात ठाम किंवा कठोर असं काही जाणवत नव्हतं. तिला फक्त आजी जाणवत होती.

"काय झालं, आई?" ऋजुतानं विचारलं.

निकाल सांगताना आईचा आवाज कसा होतो, हे ऋजुतानं कधी ऐकलं नव्हतं. वैशालीनं बाळाला सांभाळून तिच्या हाती परत दिलं, पदर सारखा केला आणि त्या आवाजात बोलायला सुरुवात केली.