बुधाजीने आणलेली वाम

प्लेगाच्या आदल्या वर्षी, भादव्यातल्या एका दुपारी, बुधाजी वाम घेऊन चंद्राबाईच्या दारात आला.

कशेळ्याखाली पेज नदीच्या काठी रीत होती. डोहात माणूस गेला की तेरा दिवस कुणी जाळं टाकायचं नाही. चौदाव्या दिवशी, बुडाला त्याच्यासोबत जो होता त्याने पहिला मासा धरून त्या घरी द्यायचा आणि तिथेच बसून खायचा. चंद्राबाईचा नवरा नामा बुडाला तेव्हा सोबत त्याचा चुलतभाऊ बुधाजी होता. पाय घसरला, एवढंच तो सांगे. प्रेत सापडलं नव्हतं. नामासारखा पोहणारा घसरून मरतो हे चंद्राबाईच्या गळी उतरत नव्हतं. पण बाईच्या संशयाला विचारतो कोण?

वाम हातभर लांब होती. तोंड सोंडेसारखं निमुळतं, अंगावर तपकिरी जाळीची नक्षी आणि पाठीवर सुट्या काट्यांची करवतीसारखी रांग. बुळबुळ जावी म्हणून चंद्राबाईने राख चोळली, विळीवर मुंडकं उतरवलं. काटे पाठीला लागून निजले होते.

बुधाजी चूळ भरायला शेजारून गेला. काटे उभे राहिले.

तो लांब गेला. काटे निजले.

मेलेला मासाही आखडतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने त्याच्याकडे मीठ मागितलं, मग लाकूड मागितलं. दोन्ही वेळा तसंच झालं.

"भावजी, हिच्यावर जरा हात ठेवा."

"कशाला वयनी? मासाच हाय तो."

"मग ठेवा की."

त्याने हात ठेवला नाही.

तिने एकेक काटा उपटला, कालवण केलं आणि सगळं त्याच्या ताटात वाढलं. रीत मोडायची त्याची छाती नव्हती. तो खाली मान घालून जेवला. मग पाणी मागितलं. तांब्या संपला. कळशी संपली. तो उठून नदीकडे चालू लागला.

ती मागोमाग गेली. डोहाच्या काठी तो पालथा पडला होता. तोंड पाण्यात, गळ्याची घाटी हलत होती.

"माझ्या माणसाला कुठं ठेवलंत?"

तोंड वर न काढता त्याने बोट दाखवलं. समोरच्या कातळाखाली कपार होती.

ती दगडावर बसली.

सांज होता होता बुधाजीची बायको ठमी वर दरडीवर आली. तिथूनच तिने विचारलं, "जाऊबाई, आमचं माणूस जेवलं का?"

"जेवले. पाणी पितात."

कातळावरची ओली रेघ पाण्याच्या दोन हात वर राहिली होती. कपारीच्या तोंडाशी नामाचे पाय दिसू लागले होते, दोराने बांधलेले.