पांढऱ्या भिंतीतलं दार

ही गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल पान उलटावं, मला कुणाची समजूत काढायची नाही. माझ्या आईच्या बाबतीत घडलंय, आणि आईच्या नावावर कुणी खोटं रचत नसतं.

साल शहाण्णव. वैशाख. रोह्याला कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गाव आहे ना, तिथलं माझ्या भावाचं घर.

मी हौसा. सासर पेणला. आई सगुणा खाडीकाठच्या आमच्या गावी एकटी राहायची. सगळा जन्म मिठागरात गेला तिचा. उन्हात मिठाच्या राशी अशा चमकतात की डोळे दिपतात, आणि ते बघता बघताच तिची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण गावच्या घरात तिचं काही अडत नव्हतं. उंबरठा पायाला लागला की ओटी आली, खांब हाताला लागला की चूल आली.

धाकटा भाऊ हसुराम रोह्याला कंपनीत नकाशे काढायचा. तिथे परदेशी मासिकं यायची. त्यातली घरं बघून त्याचं डोकंच फिरलं म्हणा ना. दोन हजार सालानंतर सगळी घरं अशीच असणार, असं जो भेटेल त्याला सांगत सुटायचा. आणि बांधलंन की तसंच!

भिंती पांढऱ्या. लाद्या पांढऱ्या. कपाटं पांढरी.

भिंतीला खिळा नाही, कोनाडा नाही. देवाचा फोटोसुद्धा कपाटाच्या आत. उंबरठा नाही. दाराला कडी नाही, मूठ नाही. दार लावलं की भिंत कुठली न् दार कुठलं, ते मला डोळसालाही कळायचं नाही. एका ठराविक जागी हाताने दाबायचं, मग टक् करून उघडायचं. मी म्हटलं, हे घर आहे का दवाखाना? तो नुसता हसला.

आईसाठीच बांधलं होतं त्याने, आणि तिला गावाहून तिथे आणलंन. धुराने काळ्या झालेल्या घरात तिचं आयुष्य गेलं, आता तिच्या लुगड्याला डागसुद्धा लागू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या मनात. पोरगं मायेनेच करत होतं सगळं.

आई त्या घरात भिंतीला हात लावून चालायची. मी भेटायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "हौसे, ह्या तर मिठागरच हाय गो. सगला पांढरा. मना दारच गावत नाय."

हसुरामला सांगू नको म्हणाली. त्याला वाईट वाटेल.

ती गेली त्या दुपारी हसुराम कंपनीत होता. भावजय नमिताने आईला जेवू घातलं, पंखा लावला, माश्या येऊ नयेत म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाजारात गेली. परत आली तर आई भिंतीच्या कडेला लादीवर पडलेली. अंग गार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गारव्याला लादीवर निजली असेल, झोपेतच गेली, असं जो तो बोलू लागला. हसुराम रडताना तेच एक धरून बसला होता, की निदान सुखात गेली. आम्हीही त्याला तेच सांगत राहिलो.

आमच्यात माणूस जिथे जातं, त्या जागी पीठ चाळून पसरतात. वर टोपली पालथी घालतात, शेजारी दिवा. दहाव्याला टोपली उचलून बघायचं, पिठात कुणाचं पाऊल उमटलंय. चिमणीचं, गाईचं, जे असेल ते. म्हणजे माणूस पुढे कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात.

मी दिवसांसाठी तिथेच राहिले होते. एका दुपारी नमिता माझ्याजवळ आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, सासूबाईंच्या खोलीत कुणीतरी आहे. मी तिलाच झापलं. पोटात अन्न नाही, म्हणून कान वाजतायत तुझे, म्हटलं.

मग मीही ऐकलं...

सर्र...

थांबलं.

सर्र...

भिंतीवरून हात फिरत होता. सुकलेला, खरखरीत हात.

मी उठून दार दाबलं. आत कुणी नाही. पंखा बंद. दिवा जळतोय, टोपली जागच्या जागी. आत पाऊल टाकलं की आवाज बंद. बाहेर आलं की पुन्हा सुरू...

रोज दुपारीच. रात्री ती खोली अगदी गप्प असायची. हसुराम बाहेर मांडवात पुरुषांत बसलेला असायचा. त्याला आम्ही काही सांगितलं नाही. आधीच मोडून गेला होता बिचारा.

दहाव्याच्या सकाळी टोपली उचलली. तो, नमिता आणि मी.

पीठ नव्हतं...

लादी कोरी. हसुराम म्हणाला, उंदराने खाल्लं असेल. मी वाकून बघितलं, उठताना भिंतीचा आधार घेतला, आणि माझा हात पिठाने माखला.

कमरेच्या उंचीवर भिंतीला पीठ लागलेलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, नुसतं बघून जन्मात दिसलं नसतं. मी हात फिरवत पुढे गेले. पीठही पुढे पुढे जात होतं. कोपरा... खिडकी... कपाट...

आणि दार.

हसुरामने पडदा सारला. तिरकं ऊन आत आलं, तेव्हा दिसलं.

दारावर पंजे होते. लहान, वाकड्या बोटांचे. आईचे.

वर, खाली, कडेला, जागोजागी दाबून बघितलेलं. फक्त जिथे दाबल्यावर दार उघडतं, तेवढी जागा स्वच्छ होती.

तिथून पीठ पुन्हा भिंतीने पुढे गेलं होतं. सबंध खोलीला वळसा घालून, ती जिथे सापडली तिथे येऊन संपलं होतं.

झोपेत गेली नव्हती ती. बाहेर यायचं होतं तिला.

नमिता तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिला कोण काय बोलणार? हसुराम म्हणाला, "ताय, मी तिला दार ठेवलाच नाय गो."

माझं काळीज फाटलं ते ऐकून. अजून फाटतं.

नदीवरचे विधी उरकून आला तो तडक दार काढायला बसला. सुताराला बोलावू दिलं नाही. हाताची सालं निघाली, पण बिजागऱ्या उपटून दार अंगणात नेऊन टाकलंन.

दुसऱ्या दुपारी आम्ही तिघं त्या मोकळ्या जागेबाहेर बसलो.

सर्र...

आलाच आवाज. कोपऱ्याकडून खिडकीकडे. कपाटावरून इकडे. अगदी जवळ येत होता, आणि डोळ्यांना काही नाही. समोर नुसती पांढरी भिंत...

भिंत संपते तिथे आवाज थांबला. माझ्यापासून हातभर.

"आये," हसुराम म्हणाला, "इथं दार हाय. ये भायेर."

पाऊल वाजलं नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही.

त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही.

सुटली बिचारी, असं सगळे म्हणाले. मीही तसंच धरून चालले. दिवाळीला भाऊबीजेला गेले, तर भर दुपारी हसुराम त्या मोकळ्या दाराशी बसलेला. नमिता म्हणाली, रोजचंच आहे. दुपारची शिफ्ट घेतच नाहीत. मी त्याच्यावर रागावले. आवाज येत नाही ना आता? मग सणासुदीचा इथे कशाला बसतोस?

"नाय येत, म्हणूनच बसतो," तो म्हणाला. "ती भायेर गेली... का शोधून शोधून दमली आन् आतच बसली? कसा कलनार गो ताय?"

मी त्याच्या शेजारी बसले, आणि आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत राहिलो.